पावणेदोन हात खोल

आमच्या देवघराची खिडकी दर वर्षी भाद्रपदात अडते आणि चैत्रात आपोआप मोकळी होते. घर बांधले १९९४ साली. पहिली काही वर्षे सुताराला बोलावून चौकट रंधून घेतली. मग लक्षात आले, की चौकट तासून उपयोग नाही, कारण हलते आहे ती भिंत. ईशान्येच्या कोपऱ्यातून एक तडा निघाला होता. उन्हाळ्यात त्यात बोटाचे पेर शिरे आणि पावसाळ्यात तो केसाएवढा होई. घरातल्या माणसांना त्याची इतकी सवय झाली, की आई त्याच्याकडे पाहून पाऊसपाण्याचा अंदाज सांगू लागली.

आमचे गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीपासून दोनेक कोसांवर. गावठाणातले आजोबांचे धाब्याचे घर भावकीत वाटले गेले. अण्णा शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी रस्त्याकडेच्या आमच्या वावरात बंगली बांधायला काढली. पाया खोदत होते तेव्हा गावातले जुने गवंडी जिभाऊ तिथे आले, ढेकूळ हातात घेऊन चुरडले आणि म्हणाले, "मास्तर, काळीमा घर टिकस नही." अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि हसून सांगितले, "जिभाऊ, सोळा आण्याची जमीन आहे ही. सरकारी कागद आहे माझ्याजवळ."

दोघेही आपापल्या जागी खरे होते. ते दोघे एकाच मातीबद्दल इतके उलट कसे बोलू शकले, याचा शोध घेता घेता मी खानदेशच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात फिरून आलो.

काळी आणि पांढरी

मराठीत जमिनीची सर्वांत जुनी विभागणी रंगाची आहे. काळी म्हणजे शेतीची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. मोल्सवर्थच्या कोशात पांढरीचा हा अर्थ नोंदलेला आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'तही गावाची उभारणी याच दोन शब्दांवर झालेली दिसते. पांढरी हा शब्द पुढे नुसत्या मातीचा राहिला नाही. गावची वस्ती, गावकरी मंडळी असाही त्याचा अर्थ झाला. काळीचे उत्पन्न वेगळे, पांढरीचे वेगळे. माणूस काळीत राबायचा आणि पांढरीत राहायचा.

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर त्यात शोधण्यासारखे फारसे नव्हते. पण खानदेशातले कोणतेही जुने गाव पाहा. ते बहुधा उंचवट्यावर, मुरमाड टेकाडावर किंवा नदीकाठच्या पांढऱ्या टेकाडावर वसलेले असते. त्यातली कित्येक टेकाडे नैसर्गिक नाहीत. शेकडो वर्षे मातीची घरे पडत गेली, त्यांच्यावर नवी उभी राहिली, चुलीची राख, शेण आणि भुसा त्यात मिसळत गेला, आणि त्या थरांची पांढरी झाली. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ मध्ये उत्खनन केले. तापी आणि गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे बा. कृ. थापर यांनी १९५५ मध्ये केले. दोन्ही ठिकाणी ताम्रपाषाण युगापासूनची वस्ती थरांवर थर रचून उभी असलेली सापडली. म्हणजे शेजारी मैलोगणती सपाट काळी जमीन असताना माणसे पुन्हा पुन्हा त्याच जागी घरे बांधत राहिली.

पुराची भीती हे त्याचे एक कारण नक्कीच आहे. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरा आणि गिरणा यांना आलेल्या पुराने धुळ्याची आणि काठच्या गावांची जी दैना केली, ती पाहता उंचवटा धरणाऱ्यांना शहाणेच म्हणावे लागेल. दुसरे कारण मातीतच आहे.

माती श्वास घेते

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा खडक, म्हणजे आपला काळा पाषाण, झिजून ही काळी माती झाली. तिच्यातली चिकणमाती विशेष जातीची असते. तिचे कण पातळ पापुद्र्यांच्या चळतीसारखे असतात आणि त्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरते. पाणी शिरले की माती फुगते, निघून गेले की आकसते. चैत्र-वैशाखात खानदेशातल्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात खालची फुगून वर येते, आणि वावर जणू स्वतःच स्वतःला नांगरते. म्हणूनच मृदाशास्त्रज्ञांनी या मातीला जे 'व्हर्टिसॉल' नाव दिले, त्याच्या मुळाशी उलटणे या अर्थाचा लॅटिन शब्द आहे.

कपाशीला यापरती जमीन नाही. पावसाळ्यात प्यालेले पाणी ती दिवाळीनंतरही धरून ठेवते. पण घराला हेच बाधते. घराखालची मधली माती वर्षभर साधारण ओलसर राहते. भिंतींच्या कडेची माती मात्र पावसात फुगते आणि उन्हात आकसते. त्यामुळे घराच्या कडा वर्षातून एकदा उचलल्या जातात आणि एकदा खाली बसतात. त्यात हलके घर अधिक सापडते, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतके वजनच त्यात नसते. आमची बंगली एकमजली होती.

म्हणजे जिभाऊंचे म्हणणे शास्त्राला धरून होते. मग अण्णांच्या सोळा आण्यांचे काय?

सोळा आणे आले कुठून

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. त्यांच्या राज्याला पहिली गरज होती साऱ्याची, आणि सारा ठरवायचा तर जमिनीची प्रत ठाऊक हवी. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसवायला घेतली, तिचे नियम डेव्हिडसन यांच्यासह केलेल्या १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. मुंबई इलाख्यातली जमीन पुढे याच मापाने मोजली गेली.

पद्धत मोठी शिस्तीची होती. प्रतवारी करणारा कारकून प्रत्येक सर्व्हे नंबराचे भाग पाडी, ठिकठिकाणी खणून मातीची खोली हातांत मोजी आणि पोत व रंग पाहून तिला तीन वर्गांपैकी एकात घाली. काळीभोर ते गडद तपकिरी, बारीक पोताची ती पहिली. जाडसर, बहुधा तांबूस ती दुसरी. खडेमिश्रित, भुसभुशीत, फिकी ती तिसरी. पहिल्या वर्गाची माती पावणेदोन हात खोल असली की ती सोळा आणे. खोली कमी होत जाईल तसे आणे उतरत, ते दोन आण्यांपर्यंत. शिवाय दोष निराळे लिहिले जात: चुनखडीचे खडे, वाळूचे मिश्रण, उतार, पाणी न मुरणे, उपळट असणे, ओघळाने वाहून जाणे. प्रत्येक दोषाला प्रत एकेक पायरी उतरे.

भूमिअभिलेखाच्या कार्यालयात आमच्या नंबराचे प्रतिबुकाचे पान मला पाहायला मिळाले. चौकटी, आकडे, दोषांच्या खुणा. दीड शतकापूर्वीच्या कुणा कारकुनाने आमच्या वावरात पहार घालून काढलेला तो मातीचा पहिला लेखी दाखला. अण्णा खोटे बोलत नव्हते.

पण त्या पानाकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. हात म्हणजे साधारण दीड फूट. पावणेदोन हात म्हणजे अडीच फुटांपेक्षा थोडे अधिक. त्याखाली सरकारने पाहिलेच नव्हते. पाहण्याचे कारणही नव्हते, कारण सारा पिकावर होता आणि पिकाच्या मुळांपुरती खोली त्यांना पुरेशी होती. गावठाण साऱ्यातून मोकळे, म्हणून पांढरीला आणाच लागला नाही. ज्या मुरमाड तुकड्यात काहीच पिकत नाही, तो पोटखराबा म्हणून बाजूला पडला. घर बांधायला सर्वांत चांगली जमीन कागदावर खराबा ठरली आणि सर्वांत अवघड जमीन सोळा आणे.

मोजणीविरुद्धचे बंड

ही मोजणी खानदेशाने मुकाट्याने घेतली नाही. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या भागांत शेतकरी मोजणीविरुद्ध उठले. मोजणी अधिकाऱ्यांच्या छावणीपुढे मोठे जमाव जमले आणि मोजणी बंद करा, अशी मागणी झाली. काम काही काळ थांबवावे लागले. मग फौज आली, पुढाऱ्यांना पकडले गेले आणि साखळी पुन्हा वावरांत फिरू लागली.

या बंडाकडे बहुधा साऱ्याविरुद्धचा उठाव म्हणून पाहिले जाते आणि ते बरोबरच आहे. मोजणी म्हणजे सारावाढ, ही भीती अनुभवातून आलेली होती. पण सावदा-फैजपूरचा हा पट्टा म्हणजे तापीच्या गाळाची, खानदेशातली सर्वांत भारी जमीन. तिथल्या शेतकऱ्याला आपली माती कशी आहे, हे कुणी येऊन सांगायला नको होते. त्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्ञान आता दुसऱ्याच्या वहीत, दुसऱ्याच्या कामासाठी, आण्यांत लिहिले जाणार होते. ज्या प्रदेशात जमीन जाणणे आणि जमीन मोजणे यांची पहिली गाठ फौजेच्या साक्षीने पडली, तिथे पुढे 'माती तपासून घ्या' म्हटले की लोकांना साराच आठवावा, यात नवल नाही. आमच्या आजोबांच्या तोंडी तर मोजणीदार हा शब्द शिवीसारखाच येई.

त्या वहीचा परिणाम सारा गौण झाल्यावरही टिकला. सातबारावरचा आकार हा त्याच प्रतवारीचा वारसा आहे. जमीन बिगरशेती होऊन प्लॉट पडतात, तेव्हा रस्ता, हद्द, क्षेत्रफळ पाहिले जाते. पण खाली काळी किती आणि मुरूम कुठे, हे सांगणारा रकाना सातबारावर नाही. जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर ही गावे गेल्या पन्नास वर्षांत पांढरी सोडून काळीत पसरली, ती याच कागदाच्या भरवशावर.

इंजिनीयरांची शिकवण

मातीशी आणि पाण्याशी गाठ पडली की पदवीचा उपयोग थोडा उशिरा होतो, याचे उदाहरण खानदेशातच आहे. तरुण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि त्यांची नेमणूक खानदेशात झाली. पांझरेच्या पाटासाठी नळाचा सायफन बांधायचे काम त्यांच्याकडे आले. पाऊस ओसरेपर्यंत ते पुढे ढकलावे, ही त्यांची सूचना वरिष्ठांना रुचली नाही, ही हकीकत त्यांनी स्वतःच आठवणींत लिहिली आहे. ज्या पांझरेवर गावकरी शतकानुशतके बंधारे घालून फड पद्धतीने पाणी वाटून घेत होते, तिच्याकडून त्यांना हा पहिला धडा मिळाला.

काळ्या मातीवरच्या बांधकामाचे शास्त्र मात्र स्वातंत्र्यानंतर आकाराला आले. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेले खांब, म्हणजे 'अंडर-रीम्ड पाइल', विकसित केले. काळ्या मातीत ऋतूंप्रमाणे ओल कमी-जास्त होते ती साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत. खांब त्याखाली उतरवून कंदासारखा रुतवायचा आणि घर त्या खांबांवर ठेवायचे. वरची माती फुगो की आकसो, घर तिच्यावर अवलंबून नसते. मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी दुसरी वाट दाखवली. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण सांधून राहणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला, तर खालची फूग आटोक्यात राहते. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्याच्या कामात हे तंत्र उपयोगी पडले.

ती न फुगणारी माती म्हणजे आपल्याकडे बहुधा मुरूमच. "काळी उपसा, मुरूम भरा, पाणी मारून चोपा," असे जिभाऊ सांगत. मात्र हे अर्धवट केले तर उलटते. काळीत खड्डा करून त्यात सैल मुरूम भरला आणि पाण्याला बाहेर वाट ठेवली नाही, तर तो खड्डा हौद होतो. पावसाचे पाणी मुरमातून झरझर आत जाते, काळीत अडते आणि पायाखालीच साचते. मुरूम थरांनी चोपला पाहिजे आणि घराभोवती पाणी बाहेर नेणारा उतार हवा.

पांढरीही सर्वगुणसंपन्न नाही. ती फुगत नाही, पण जुन्या टेकाडाची माती पोकळ असते, तिच्यात जुने पेव, खड्डे दडलेले असतात, आणि जड इमारत तिच्यावर एका बाजूला खचू शकते. धाब्याच्या घराला ती पुरेशी होती, तीन मजल्यांना नाही.

कानबाईचे पाहुणे

तड्याशी आम्ही जुळवून घेतले होते. खरा आघात झाला तो श्रावणात. कानबाईचे रोट आमच्याकडे होते आणि चुलत्यांची तीन घरे गोळा झाली होती. संध्याकाळी शोषखड्डा भरून वाहू लागला आणि संडासाचे पाणी अंगणात आले. आईने त्या रात्री कुणाकडेही मान वर करून पाहिले नाही. खड्डा बांधून देणाऱ्याने दुसऱ्या दिवशी उपाय सांगितला, तो म्हणजे खड्डा आणखी मोठा करा.

मोठा खड्डा म्हणजे मोठे डबके. भिजून फुगलेल्या काळीच्या बारीक वाटा मिटतात, मग त्यात पाणी मुरणार कुठे? उन्हाळ्यात खणलेल्या खड्ड्यात भेगांमुळे पाणी भराभर उतरते आणि माणूस फसतो. म्हणून तपासणीची रीत अशी आहे: योग्य खोलीवर लहान खड्डा करायचा, पाण्याने भरून रात्रभर माती पुरती भिजू द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहायचे. तासाहून अधिक लागत असेल तर शोषखड्ड्याचा नाद सोडावा. सेप्टिक टँकचे पाणी तिथे वेगळ्या रीतीने, गाळणथरातून किंवा उंच केलेल्या वाफ्यातून न्यावे लागते. इंग्रजांच्या त्या कारकुनाने 'पाणी न मुरणे' हा दोष दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवायला सुरुवात केली होती. फक्त तो कपाशीसाठी लिहिला होता.

खानदेशाची माती मात्र एक नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेर-चोपड्याकडे दगडगोट्यांचा पट्टा आहे. तिथे पाणी इतके झटपट उतरते, की धोका उलटा असतो: न गाळलेले मैलापाणी थेट विहिरीच्या पाण्यात. त्याखाली तापीकाठी गाळाचे खोल थर आहेत. शिरपूर तालुक्यात भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात नाले रुंद आणि खोल करून जे पाणी मुरवले, त्यामागे हीच जाण होती. वरचा पिवळ्या मातीचा घट्ट थर पाणी खाली जाऊ देत नव्हता. तो कापल्यावर खालच्या वाळूत पाणी गेले. आणि त्याच तालुक्यातला कठीण पाषाणाचा भाग निराळा, म्हणून तिथला विचारही निराळा. दहा कोसांत उत्तर बदलते, म्हणून शेजारच्या गावचा नकाशा आपल्या घराला लावता येत नाही.

अंगणातले लिंबू

आईने घरामागे लावलेले लिंबू तीनदा मेले. पहिल्यांदा मुळाशी पाणी साचून. दुसऱ्यांदा पाने पिवळी पडून, शिरा मात्र हिरव्या. खाली चुनखडीचा थर होता आणि चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह असूनही घेता येत नाही. तिसऱ्यांदा माझ्या हुशारीने. मी खड्ड्यात नुसती वाळू आणि मुरूम भरला आणि काळीत पुन्हा एक हौद तयार केला. चौथे लिंबू आम्ही उंच वरंब्यावर लावले, माती, शेणखत आणि थोडा मुरूम कालवून. ते जगले.

मातीची ओळख करून घ्यायला प्रयोगशाळेआधी हात पुरतो. ओल्या मातीची वळी करून बोटांतून फीत काढा. लांब, चकचकीत फीत निघाली तर चिकण भारी. काचेच्या बरणीत माती आणि पाणी हलवून रात्रभर ठेवा. वाळू तळाशी बसते, तिच्यावर पोयटा, आणि चिकण शेवटी. ढेकळावर लिंबू पिळा. फसफसले तर चुनखडी आहे. घरासाठी मात्र हातावर थांबू नये. तिथे खोल खड्डा खणून, नमुने तपासून घ्यावेत.

आम्ही तो खड्डा खणला, तो घर बांधून वीस वर्षे झाल्यावर. नऊ फूट काळी, मग पिवळसर चुनखडीचा थर, मग मुरूम. आमचा पाया साडेचार फुटांवर थांबला होता, काळीच्या मधोमध. अण्णा काठी टेकत खड्ड्याच्या कडेला उभे राहिले. बराच वेळ पाहून म्हणाले, "पावणेदोन हातांपर्यंत कागद बरोबर आहे." जिभाऊ तेव्हा हयात नव्हते. अण्णांनी त्यांच्या मुलाला बोलावून तो खड्डा दाखवला आणि त्याच्यासमोर म्हणाले, "तुझ्या बापाने ढेकूळ हातात घेऊन सांगितले होते."

मग भिंतीकडेची झाडे काढली, घराभोवती फरसबंदीचा पट्टा उताराने केला, पन्हाळीचे पाणी दूर नेले, म्हणजे कडेची ओल फार चढू-उतरू नये. इंजिनीयरने तड्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख घातली. भिंत हलली तर काच तडकेल. पहिल्या वर्षी ती तडकली. दुसरी लावली, तीही तडकली, पण पुढच्या उन्हाळ्यात. आता तिसरी आहे, तीन पावसाळे झाले.

गावठाणातले आजोबांचे घर पडले आहे. पावसाळ्याआधी कुणी ना कुणी ट्रॅक्टर घेऊन तिथली पांढरी माती भरून नेतो, शेतात टाकायला. यंदा अण्णांनी भावकीला सांगून ते थांबवले. आमच्या पुतण्याला घर बांधायचे आहे. त्याने तिथे आधी खड्डा घेतला आहे, बारा फूट.